नॅट किंग कोल : पियानोवरून उठलेला माणूस

काळी_चार (धागाकर्ता)

नॅट किंग कोल म्हटलं की आपल्यातल्या बहुतेकांना दोन गाणी आठवतात. एक डिसेंबरात मॉलमधून कानावर पडणारं नाताळचं गाणं आणि दुसरं 'अनफर्गेटेबल'. आवाज मखमली, माणूस सभ्य, विषय संपला. पण या माणसाच्या गळ्याने त्याच्याच हातांवर अन्याय केला, अशी माझी जुनी तक्रार आहे. ती मांडायला हा धागा.

जन्म १७ मार्च १९१९, माँटगोमेरी, अलाबामा. मूळ नाव नथॅनिएल अ‍ॅडम्स कोल्स. वडील बाप्टिस्ट पाद्री, आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. मुलाला पियानोवर तिनेच बसवलं. पोरगं चार वर्षांचं असताना बिऱ्हाड शिकागोला हललं. दक्षिणेतली काळी कुटुंबं तेव्हा अशीच गठुडी बांधून उत्तरेला निघत होती. शिकागोत रात्री क्लबांमधून जॅझ चालायचा आणि तिथला राजा होता अर्ल हाइन्स, ज्याचा उजवा हात पियानोवर ट्रम्पेट वाजवतो असं लोक म्हणत. पाद्र्याच्या मुलाला आत कोण सोडणार? तो घरातून सटकून मागच्या गल्लीत उभा राहून ऐकायचा, असं सांगतात. शाळा अर्धवट सुटली. १९३६ मध्ये थोरला भाऊ एडी याच्या बँडबरोबर पहिलं रेकॉर्डिंग झालं. मग 'शफल अलाँग' या जुन्या संगीतनाटकाच्या नव्या संचात पियानो वाजवत तो देशभर हिंडला. १९३७ मध्ये कॅलिफोर्नियात लाँग बीचला पोहोचेपर्यंत त्या कंपनीचा बोजवारा उडाला. खिशात पैसे नाहीत, बरोबर त्याच संचातली नर्तकी, नुकतीच बायको झालेली नदीन. दोघं तिथेच राहिली आणि हा मिळेल त्या बारमध्ये वाजवू लागला.

त्या वर्षी जमलं ते त्रिकूट. पियानोवर हा, गिटारवर ऑस्कर मूर, बासवर वेस्ली प्रिन्स. ड्रम नाहीत! मोठमोठ्या स्विंग बँडांच्या जमान्यात ही उधारीचीच रचना वाटली असेल. पण ठेका धरायला वेगळा माणूस नाही म्हटल्यावर तो तिघांनाही आपापल्या अंगात धरावा लागतो. कोलचा डावा हात ऐका. जुन्या पद्धतीच्या पियानिस्टांसारखा तो खालून वर उड्या मारत नाही, कारण खालची जागा बासने घेतलेली आहे. तो मध्येच दोन-तीन सुरांचा गुच्छ अलगद ठेवतो आणि हात काढून घेतो. उरलेल्या मोकळ्या जागेत गिटार बोलते. ही मांडणी पुढे पियानिस्ट आर्ट टेटमने उचलली, ऑस्कर पीटरसनने उचलली, आणि सुरुवातीचा रे चार्ल्स तर उघडउघड कोलची नक्कल करायचा.

१९४३ मध्ये कॅपिटल रेकॉर्ड्ससाठी 'स्ट्रेटन अप अँड फ्लाय राइट' झालं. गोष्ट वडिलांच्या प्रवचनातली, गिधाड आणि माकडाची. गाणं तुफान चाललं, पण त्याचे हक्क याने आधीच ५० डॉलरला विकून टाकले होते. कंपनी तेव्हा जेमतेम दीड वर्षांची. पुढे १९५६ मध्ये हॉलिवूडला कॅपिटलची ती गोल इमारत उभी राहिली, तिला लोक 'नॅटने बांधलेलं घर' म्हणायचे.

मग १९४६ मध्ये नाताळच्या गाण्याला व्हायोलिनं लागली. १९४८ मध्ये 'नेचर बॉय' आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्या गाण्याचा कर्ता एडन आबेझ म्हणजे वेगळंच प्रकरण. लांब केस, दाढी, कंदमुळं खाणारा, हॉलिवूडच्या त्या प्रसिद्ध अक्षरांखाली झोपणारा. थिएटरच्या मागच्या दाराशी कागद देऊन गेला, आणि गाणं छापायची परवानगी घ्यायची वेळ आली तेव्हा महाशय सापडेनात. १९५० मध्ये 'मोना लिसा' आलं, नेल्सन रिडलची वाद्यरचना, ऑस्करविजेतं गाणं. तोवर कोल पियानोवरून उठून माइकसमोर उभा राहिला होता. त्रिकूट हळूहळू मिटलं.

तर माझं म्हणणं असं की अमेरिकेला एक मोठा गायक मिळाला आणि एक त्याहून मोठा पियानिस्ट गेला. बोला.

---

ठाणे_स्लो

जबरी. वाचनखूण साठवली. दुपारच्या मीटिंगमध्ये हेडफोन लावून ऐकतो.

---

वाटाड्या

छान लिहिलंय. तो दारुड्याचा किस्सा मात्र राहिला. बारमध्ये हा नुसताच वाजवत होता, एक झिंगलेलं गिऱ्हाईक 'स्वीट लॉरेन' गा म्हणून हटून बसलं, मालक म्हणाला गा बाबा, चांगलं गिऱ्हाईक आहे. आणि गायक जन्माला आला.

---

काळी_चार

@वाटाड्या, मुद्दाम टाळला. किस्सा रंगवून रंगवून सांगितला गेलाय. तिघं मिळून एकसुरात गाण्याचे प्रकार ते आधीपासून करतच होते. 'स्वीट लॉरेन' १९४० मध्ये डेका या रेकॉर्ड कंपनीसाठी रेकॉर्ड झालं एवढं खरं. गिऱ्हाइकाने किती घेतली होती ते त्या बारवाल्यालाच ठाऊक.

---

खडूस_आजोबा

लेख उत्तम, निष्कर्ष साफ अमान्य.

उत्तम पियानिस्टांचा तेव्हा अमेरिकेत तुटवडा नव्हता. टेटम होता, टेडी विल्सन होता, हाइन्स स्वतः वाजवत होता, मंक आणि बड पॉवेल उंबरठ्यावर उभे होते. कोलसारखं गाणारा दुसरा कोण होता, सांगा. त्याचा आवाज काही फार मोठा नव्हता, पल्ला बेताचा, किंचित खरखर. तो स्वर फेकत नाही, ठेवतो. एकेक शब्द शेवटच्या व्यंजनापर्यंत ऐकू येतो. माझं इंग्रजी शाळेत कच्चं होतं, पण याचं प्रत्येक गाणं पहिल्या फटक्यात कळायचं. आणि शब्द तालाच्या किती मागेपुढे टाकायचा हे त्याला त्या डाव्या हातानेच शिकवलं असणार. म्हणजे तुमचा पियानिस्ट कुठे गेला नाही, घशात जाऊन बसला.

---

काळी_चार

@खडूस_आजोबा, शेवटचं वाक्य मान्य, हेवा वाटावा असं आहे. पण मग घशात बसलेल्याला रॉयल्टी मिळाली नाही त्याचं काय! १९४४ च्या जुलैत लॉस एंजेलिसला 'जॅझ अ‍ॅट द फिलहार्मोनिक'ची पहिली मैफल झाली. त्यात कोल आणि गिटारवाला लेस पॉल एकमेकांची टोपी उडवत वाजवतात, प्रेक्षक किंचाळतात. ती रेकॉर्ड निघाली तेव्हा कॅपिटलच्या करारामुळे त्यावर नाव काय, तर 'शॉर्टी नदीन'. बायकोचं नाव उसनं! सॅक्सोफोनवाला लेस्टर यंग आणि ड्रमवाला बडी रिच यांच्याबरोबर १९४६ मध्ये वाजवलं तिथेही टोपणनावच. त्याचं जे वाजवणं जाणकार आजही काढून ऐकतात, त्यातल्या काहीवर त्याचं नावच नव्हतं.

---

मंदाकिनी

मी संगीतातली नाही, पण एक पुरवणी जोडते.

१९४८ मध्ये नदीनशी काडीमोड झाल्यावर त्याने मरायाशी लग्न केलं. ती एलिंग्टन आडनावाची, पण ड्यूक एलिंग्टनची नातेवाईक नव्हे. लग्न हार्लेमच्या, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीतल्या, अ‍ॅबिसिनियन बाप्टिस्ट चर्चमध्ये, थाटात. त्याच वर्षी दोघांनी लॉस एंजेलिसच्या हँकॉक पार्कमध्ये घर घेतलं. ती वस्ती फक्त गोऱ्यांची. काळ्यांना घर विकायचं नाही, अशी अट तिथल्या खरेदीखतांतच असायची. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की अशा अटी कोर्टाकरवी अमलात आणता येणार नाहीत. पण शेजारी काय कोर्टाचं ऐकतात? रहिवासी संघटना जमली आणि त्याला सांगितलं गेलं, आम्हाला इथे नकोशी माणसं येऊ द्यायची नाहीत. तो म्हणाला, मलाही नको आहेत, तसं कोणी येताना दिसलं तर पहिली तक्रार मीच करीन.

हे वाक्य सगळे चवीने सांगतात. पुढचं कमी सांगतात. हिरवळीवर जाळून शिवी कोरली गेली. कुत्र्याला विष घातलं. खिडकीतून गोळी आली. आणि १९५१ मध्ये थकलेल्या आयकरासाठी सरकारने त्याच घरावर जप्ती आणली. सगळं निस्तरून तो शेवटपर्यंत तिथेच राहिला.

---

नचिकेत_८१

मंदाकिनीताई, हे सगळं खरं असेल. पण या माणसाची दुसरी बाजूही मांडा की. दक्षिणेत तो वेगवेगळ्या बसवलेल्या प्रेक्षकांपुढे गात राहिला. गोऱ्यांसाठी एक खेळ, काळ्यांसाठी दुसरा. १९५६ च्या एप्रिलमध्ये ज्या माँटगोमेरीत त्याचा जन्म झाला तिथले लोक बसवर बहिष्कार घालून पायी चालत होते, आणि हा शेजारच्या बर्मिंगहॅममध्ये फक्त गोऱ्यांच्या खेळात गात होता. मार खाल्ल्यावर म्हणाला काय, तर मी कुठल्या आंदोलनात नाही, कुठल्या संघटनेत नाही, मग मला का मारलं? थर्गुड मार्शल, जे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, त्यांच्या नावावर एक शेरा सांगतात: कोलच्या हातात आता फक्त बँजो द्यायचा बाकी आहे. गोऱ्यांची करमणूक करणाऱ्या मिंध्या काळ्या माणसाचं सोंग पुरं होईल, असा अर्थ. हार्लेममध्ये काही ठिकाणी ज्यूकबॉक्समधून त्याच्या रेकॉर्डी काढल्या गेल्या. सभ्यपणाच्या नावाखाली किती झाकणार?

---

मंदाकिनी

नचिकेत, त्या रात्री काय झालं ते नीट बघू या आणि मग ठरवू.

१० एप्रिल १९५६, बर्मिंगहॅमचं म्युनिसिपल ऑडिटोरियम. साथीला टेड हीथचा ब्रिटिश बँड. पहिला खेळ गोऱ्यांचा. तिसरं गाणं चालू असताना काही माणसं धावत स्टेजवर चढली आणि त्याला ढकलून पियानोच्या बाकावर पाडलं. पाठ दुखावली. गडबडीची कुणकुण असल्याने पोलीस विंगेत होते, त्यांनी हल्लेखोरांना धरलं. बँडवाल्यांना काय करावं सुचेना, त्यांनी आपलं राष्ट्रगीत वाजवायला घेतलं! अलाबामात, ब्रिटनचं! हल्लेखोर ज्या वर्णद्वेषी संघटनेचे, तिचा म्होरक्या आसा कार्टर. हाच इसम पुढे गव्हर्नर जॉर्ज वॉलेसचं 'वंशभेद आज, उद्या आणि कायम' हे भाषण लिहिणार होता.

कोल परत स्टेजवर आला. प्रेक्षक उभे राहून कितीतरी वेळ टाळ्या वाजवत होते. मी तुमची करमणूक करायला आलो होतो, माझा जन्म इथलाच आहे, एवढं म्हणून आत गेला. तो खेळ पुरा केला नाही. डॉक्टरने तपासलं. आणि मग त्याच रात्री उशिरा काळ्या प्रेक्षकांसाठीचा दुसरा खेळ त्याने केला. तो रद्द केला असता तर कोणी नाव ठेवलं नसतं.

ते 'मला का मारलं' हे विधान भाबडं होतं, मान्य. पण ज्यांनी त्याला जागा नाकारली अशा उत्तरेतल्या हॉटेलांवर तो आधीच खटले भरून मोकळा झाला होता. माँटगोमेरीच्या बहिष्काराला पैसेही दिले होते. फक्त बोभाटा केला नव्हता. टीका झाल्यावर तो नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेचा आजीव सभासद झाला.

---

नचिकेत_८१

टीका झाल्यावर. तोच तर माझा मुद्दा आहे.

---

ठाणे_स्लो

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (दुसऱ्या खेळाचं माहीत नव्हतं. थरारक आहे.)

---

काळी_चार

नचिकेत, तुझा मुद्दा मी उडवून लावणार नाही, तेव्हाच्या काळ्या वर्तमानपत्रांनीच तो मांडला होता. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात काय झालं तेही बघ.

५ नोव्हेंबर १९५६ पासून एनबीसी वाहिनीवर 'द नॅट किंग कोल शो' सुरू झाला. आधी पंधरा मिनिटांचा, १९५७ च्या जुलैपासून अर्ध्या तासाचा. प्रेक्षक होते. पाहुणे कोण, तर एला फिट्झजेराल्ड, हॅरी बेलाफोंटे, पेगी ली, मेल टॉर्मे. हे लोक नेहमीच्या मानधनावर पाणी सोडून युनियनच्या किमान दराने आले. नव्हता तो प्रायोजक. टेलिव्हिजनचं गणित तेव्हा असं की कार्यक्रमाचा खर्च एखादी साबणवाली किंवा सिगारेटवाली कंपनी उचलणार. देशभरासाठी एकही कंपनी पुढे आली नाही, कारण दक्षिणेतली गिऱ्हाइकं बिथरतील. एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीचं म्हणणं कानावर आलं की काळा माणूस लिपस्टिक विकू शकत नाही. त्यावर कोल उसळला: मग आमच्या बायका काय लावतात, खडू? एनबीसी वर्षभर पदरमोड करत राहिली. शेवटी गैरसोयीची वेळ देऊ केली, तेव्हा यानेच १७ डिसेंबर १९५७ ला शेवटचा भाग करून गाशा गुंडाळला. जाता जाता म्हणाला, मॅडिसन अव्हेन्यूला अंधाराची भीती वाटते. न्यूयॉर्कचा तो रस्ता म्हणजे जाहिरात कंपन्यांचा अड्डा.

पुढच्या फेब्रुवारीत 'एबनी' मासिकात त्याने हे सगळं स्वतःच्या नावाने, जाहिरातवाल्यांना धारेवर धरून लिहिलं. बेसबॉलमध्ये वर्णभेदाची भिंत पाडणारा जॅकी रॉबिन्सन, तसा टेलिव्हिजनमधला मी होतो, असं त्यात आहे. मिंधा माणूस असं लिहीत नाही.

---

खडूस_आजोबा

टेलिव्हिजनवर तो पहिला होता असं सर्रास म्हणतात म्हणून सांगतो. हेझल स्कॉट ही काळी पियानोवादिका १९५० मध्येच ड्युमाँट वाहिनीवर स्वतःच्या नावाचा कार्यक्रम करत होती. कम्युनिस्ट असल्याचा संशय घेऊन तिचं नाव काळ्या यादीसारख्या पुस्तिकेत छापलं गेलं आणि काही महिन्यांत कार्यक्रम बंद. तीही पियानोवाली, आणि बाई काय वाजवायची! तिच्यावर कोणीतरी वेगळा धागा काढा. मी काढणार नाही, टाइप करून बोटं दुखतात.

---

अबोली

मी चुकीच्या दरवाजाने आत आले बहुतेक. मला हा माणूस दिग्दर्शक वाँग कार-वाईच्या 'इन द मूड फॉर लव्ह' या सिनेमामुळे कळला. हाँगकाँगच्या अरुंद जिन्यात ते दोघं एकमेकांना चुकवत जातात आणि मागे हा स्पॅनिशमध्ये गातोय, 'किसास, किसास, किसास'. मला वाटलं कोणीतरी क्यूबन गायक असेल!

---

काळी_चार

@अबोली, योग्य दरवाजा आहे. १९५८ चा 'कोल एस्पान्योल' अल्बम. बाईसाहेब, त्याला स्पॅनिश येत नव्हतं! उच्चार पाठ करून गायला. वाद्यवृंद हवानात, आर्मांदो रोमेऊच्या हाताखाली ध्वनिमुद्रित झाला. हवानाच्या ट्रॉपिकाना क्लबमध्ये तो तेव्हा गायला जायचा. स्पॅनिश बोलणाऱ्यांना उच्चार परके वाटतात, तरी लॅटिन अमेरिकेत तो अल्बम धो धो खपला. वाँग कार-वाईला बरोबर तेच लागलं असणार, परक्याच्या तोंडून येणारी ओढ.

---

वाटाड्या

थोडं अवांतर, पण मुंबईशी धागा जुळतो. काळी_चार यांनी ज्या अर्ल हाइन्सचा उल्लेख केला, त्याच्याही आधी शिकागोत टेडी वेदरफर्ड हा पियानिस्ट गाजत होता. तरुण हाइन्सवर त्याची छाप पडली असं मानतात. हा वेदरफर्ड १९२६ मध्ये आशियाकडे निघाला तो परत रमलाच नाही. शांघाय वगैरे करून तिसाच्या दशकात आपल्या ताजमहाल हॉटेलात बँड घेऊन वाजवत होता. १९४५ मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याने गेला. म्हणजे कोल शिकागोच्या गल्लीत उभा राहून ज्या शैलीचं पाणी पीत होता, तिचा एक झरा कुलाब्यात वाहत होता. गोव्याच्या वादकांनी तो ऐकला, बरोबर वाजवला, आणि पुढे त्याच गोवेकरांच्या पिढीने हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद सांभाळले.

---

मंदाकिनी

वा, हे भारी.

तो गेला कशाने हे कोणीच लिहिलं नाही. मेन्थॉलच्या सिगारेटी, दिवसाला तीन पाकिटं सांगतात. धुरामुळे आवाजाला तो भरीव पोत येतो अशी त्याची समजूत होती, म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी एकामागून एक ओढायचा. धूम्रपानाने कर्करोग होतो असा अमेरिकी सरकारचा अहवाल १९६४ च्या जानेवारीत आला. त्या डिसेंबरात त्याच्या फुफ्फुसात गाठ निघाली. जानेवारीत डावं फुफ्फुस काढलं आणि १५ फेब्रुवारी १९६५ ला सांता मोनिकाच्या इस्पितळात तो गेला. वय ४५. जुळ्या मुली तीन वर्षांच्या होत्या. नॅटली नुकतीच पंधरा वर्षांची झाली होती.

---

ठाणे_स्लो

नॅटलीने बापाबरोबर गायलेलं 'अनफर्गेटेबल' आमच्या कॉलेजात कॅसेटवर होतं. तेव्हा वाटलं दोघं स्टुडिओत एकत्र उभे आहेत.

---

खडूस_आजोबा

१९९१ चं ते. बापाचं १९६१ चं स्टिरिओ रेकॉर्डिंग घेऊन त्यावर मुलीचा आवाज चढवला. ग्रॅमीचा पाऊस पडला. मला ते ऐकवत नाही. मेलेल्या माणसाला विचारता येत नाही की बाबा रे, इथे थांबू का. मूळ गाणं १९५१ चं, तेव्हा अमेरिकेत पहिल्या दहातही नव्हतं, ही एक गंमत.

---

मंदाकिनी

आजोबा, पंधराव्या वर्षी वडील गेलेल्या मुलीने चाळिशीत त्यांच्याबरोबर गावंसं वाटून घेतलं तर त्यात परवानगी कसली? मला ते ऐकताना दर वेळी भरून येतं, आणि मी त्याबद्दल वाद घालणार नाही.

---

नचिकेत_८१

'एबनी'मधला लेख शोधून वाचला. कडक आहे. बर्मिंगहॅमबद्दलचं माझं मत तेच राहील, पण बँजोवाला शेरा मी पुन्हा वापरणार नाही.

बाकी, वाद्यसंगीत फारसं न कळणाऱ्याने कुठून सुरुवात करावी? नाताळचं गाणं सोडून.

---

काळी_चार

'आफ्टर मिडनाइट'. १९५६ च्या उत्तरार्धात ध्वनिमुद्रित झाला, १९५७ मध्ये निघाला. म्हणजे बर्मिंगहॅम आणि टीव्हीच्या त्याच धबडग्यातला. व्हायोलिनांचा ताफा घरी पाठवलाय. कोल परत पियानोवर, गिटारवर जॉन कॉलिन्स, बासवर चार्ली हॅरिस, या वेळी ड्रमवर ली यंग. पाहुणे आळीपाळीने येतात: हॅरी एडिसनचा ट्रम्पेट, विली स्मिथचा सॅक्सोफोन, स्टफ स्मिथचं व्हायोलिन, हुआन तिझोलचा ट्राँबोन. त्यात 'स्वीट लॉरेन' पुन्हा आहे, 'रूट ६६' आहे. आवाज आणि हात एकाच माणसाचे आहेत हे तिथे कळतं. ओळ संपते आणि पुढचं वाक्य बोटं बोलतात, मध्ये श्वासाएवढंही अंतर नाही.

त्यानंतर १९४३ ते ४७ चं त्रिकूट ऐक. शक्यतो हेडफोनवर, डाव्या हाताकडे कान ठेवून.

---

खडूस_आजोबा

आणि ते झालं की 'लव्ह इज द थिंग', १९५७. गॉर्डन जेंकिन्सची व्हायोलिनं, त्यातलं 'स्टारडस्ट'. पियानोला हातही न लावता. मग इथे येऊन सांग कोण बरोबर.